मेलेली साखर

गारगोटीच्या बाजारात निरंजनबुवांनी मांडव ठोकला आणि गुडमार नावाच्या वेलीच्या पाल्याने मधुमेह मुळासकट जातो, अशी बेधडक थाप मारली. बाजाराला आलेल्या शेवंताकाकूंचे मधुमेही यजमान दत्तोबा पुढे सरसावले. बुवांनी त्यांना पाला चघळायला लावला, मग जिभेवर खडीसाखर ठेवली.

"गोड लागतेय?"

"छे! वाळू चावल्यासारखं वाटतंय!"

"साखर जिभेवरच मेली. रक्तातलीही अशीच मरेल. फेका ते इन्सुलिन!"

टाळ्या पडल्या. दत्तोबांनी नुकतेच औषधाच्या दुकानातून आणलेले इन्सुलिन खरेच पिशवीतून काढले. दिवाळीत त्यानेच त्यांचा जीव वाचवला होता. काकू पुढे आल्या.

"अहो, तो खडा आधी थुंका," त्या म्हणाल्या. खडा त्यांनी काडीने मांडवाच्या खांबापाशी मुंग्यांच्या रांगेत सरकवला. बघता बघता तो मुंग्यांनी काळा झाला.

"साखर मेली ना, बुवा? मग मुंग्या काय मयताला आल्यात?"

लोक खो-खो हसले. बुवा गुरगुरले, "मुंग्यांना काय कळतंय?"

"गोड कळतंय. जिभेला गोड कळू न देणारा पाला तुम्ही यांना चारलात, मुंग्यांना चारायचा राहिला!"

दत्तोबांनी इन्सुलिन परत पिशवीत ठेवले.