पडद्याआडच्या चार खेळी

फार फार वर्षांपूर्वी, बुद्धिबळाच्या पायी जेवणखाण विसरणाऱ्या एका राज्यात दरसाल मोठी स्पर्धा भरायची. तिथली रीत न्यारी. पटाच्या मधोमध पडदा धरायचे. दोघांनी पहिल्या चार खेळी आपापल्या बाजूला गुपचूप करायच्या, मग पडदा काढायचा. जिंकेल त्याला दरबारातलं गुरूचं आसन.

त्या आसनावर बारा वर्षं एकच गुरुजी बसले होते. त्यांच्या चार खेळी ठरलेल्या. त्या मांडणीपुढे भलेभले गार पडत. तीत एक बारीकशी फट होती खरी, पण ती ठाऊक होती दोघांनाच, गुरुजींना आणि त्यांच्या जुन्या शिष्याला.

यंदा शेवटच्या डावाला एक मीठविक्या येऊन ठेपला. डावाच्या दिवशी सकाळी गुरुजींनी पाहिलं, तर विहिरीपाशी शिष्य त्याच्याशीच हळू आवाजात बोलतोय. झालं, मनात शंकेची पाल चुकचुकली. वीस वर्षं घरच्यासारखा राहिलेला माणूस, पण गुरुजींनी त्याला एक शब्द बोलू दिला नाही. फितूर ठरवून वेशीबाहेर घालवलं.

डावाला बसले तरी चैन कुठलं? मीठविक्यानं वाकून नमस्कार केला. गुरुजींना वाटलं, एवढा नम्र म्हणजे नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय. पडदा धरला गेला. घोड्याकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि कधी न खेळलेल्या चार खेळी करून टाकल्या.

पडदा निघाला. मीठविक्या पटाकडे बघतच राहिला. दुपार कलायच्या आत गुरुजींच्या राजाला मात बसली.

"फट कुणी दाखवली तुला?" गुरुजींनी विचारलं.

"कसली फट?" मीठविक्या गोंधळला. "तुमचा शिष्य तर म्हणाला, गुरुजींच्या मांडणीला तोडच नाही, उगाच हसं करून घेऊ नकोस, घरी जा. मी हरायच्या तयारीनंच आलो होतो. तुम्ही ती मांडलीच नाहीत."

गुरुजी तसेच अनवाणी वेशीकडे धावले. पण शिष्य सकाळच्याच तांड्याबरोबर निघून गेला होता. कुठल्या गावाला, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तात्पर्य: विचारून न घेता जो आपल्या माणसावर संशय घेतो, तो हातचा डावही घालवतो आणि माणूसही.