शंखोबाचा समुद्र

फार वर्षांपूर्वी, अगदी इवलासा असताना, शंखोबा खेकड्याने एक आवाज ऐकला होता, घुर्रर्र. हाच समुद्र, असं त्याने ठरवून टाकलं. तेव्हापासून दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तोच समुद्राचा जाणकार होता.

एक दिवस समुद्रातून आणलेली बोटाएवढी, गरीब स्वभावाची मासोळी टाकीत आली. "आजोबा, तुमच्या कपारीत जागा द्याल? उघड्यावर फार भीती वाटते."

"समुद्रातली ना तू? मग तो कसा वाजतो, सांग."

"कधी हळू येतो, कधी आदळतो. मधेच गप्प होतो."

"खोटं. समुद्र अखंड घुर्रर्र वाजतो. खोटारड्यांना इथे जागा नाही."

तेवढ्यात घरातली वीज गेली. पाणी खेळवणारा पंप बंद पडला आणि घुर्रर्र थांबलं.

"आजोबा, तुमचा समुद्र आटला वाटतं," टाकीतली कोळंबी म्हणाली.

शंखोबाला स्वतःचंच हसू आलं. इतकी वर्षं आपण पंपाचे गोडवे गात होतो! मासोळी मात्र हसली नव्हती. ती काचेला चिकटून थरथरत होती.

शंखोबाने पाठीवरचा शंख सावरला, कपारीतून बाहेर आला आणि ती मासोळीसाठी मोकळी सोडून चालता झाला.