एकच बटण तुटलं होतं

"…पण बाई, चाळीस चाळीस मिनिटं लागतात, त्याला मी काय करू?"

शार्दूल अर्धा तास हेच विचारत होता. धोंगडे बाई डब्यात सुई शोधत होत्या.

बाईंची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला. तिथल्या कॉम्प्युटरवर अजून जुनं युनिक्स चाले. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचं नाव नाही. मुलं खोलीला मठ म्हणत, आणि मठात शिकलेला म्हणून शार्दूल कॉलर ताठ करून फिरे.

चार वाजता नदीकाठच्या गावची मंडळी येणार होती. पाणी चढलं की भोंगा वाजवणारा त्याचा प्रोग्राम चालला तर मंडळी तो नेणार, नाहीतर दुसरीकडे जाणार. वर्षभराची मेहनत होती. भोंगा मात्र मुका. चुका सगळ्या एकाच फाइलमध्ये होत्या, पण एक सुधारली की दुसरी डोकं वर काढी. आणि दर वेळी दोनशे फाइली कंपाइल व्हायच्या, म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत उतरायच्या.

दोन वाजले होते. नवं मशीन मागवा, एवढंच त्याचं म्हणणं.

"टाइप काय करतोस?"

"आधी मेक क्लीन, मग मेक. शिळ्यावर मी काम करत नाही, बाई."

मेक म्हणजे फाइली उतरवायचा हुकूम, क्लीन म्हणजे आधी उतरवलेलं सगळं पुसून टाकणं. मागे एकदा जुना तुकडा आत राहिला आणि त्याची चारचौघांत फजिती झाली. तेव्हापासून गडी ताकही फुंकून पीत होता. एक अक्षर बदललं तरी दोनशे फाइलींना आंघोळ.

बाईंनी डब्यातून मान वर केली.

"इकडे ये. बटण तुटलंय तुझं. पाहुण्यांसमोर असाच जाणार?"

तो पुढे सरकला. बाईंनी कात्री घेतली आणि तुटलेल्या बटणाच्या खालचं धडधाकट बटण कापलं. मग त्याच्या खालचं.

"बाई…"

"सगळीच नव्याने लावू. स्वच्छ."

कात्री चौथ्याला लागली तसा शार्दूलने शर्ट गच्च धरला.

"अहो बाई, एकच तुटलंय."

"असं?"

तो कापलेल्या बटणांवरून पडद्याकडे वळला. मग तसाच उघड्या शर्टाने खुर्चीत बसला. चूक सुधारली. बोटं सवयीने क्लीनकडे वळली आणि थांबली. त्याने नुसतं मेक टाइप केलं.

मशीनने बदललेली तेवढी एक फाइल उतरवली. बाकीच्यांना हात लावला नाही. अर्ध्या मिनिटात काम झालं.

भोंगा वाजला नाही. पुढची चूक, पुन्हा अर्धं मिनिट. सातव्या खेपेला भोंगा असा बोंबलला की बाईंच्या हातून डबा सांडला.

अडीचच वाजले होते. शार्दूल नाचायचाच काय तो बाकी होता. मंडळींना आता काय काय सांगायचं, याची त्याने उजळणीच सुरू केली. चाळीस मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटावर आणलं, तेही या डबड्यावर, तेही एकट्याने.

बाईंनी सुई ओवली. दोऱ्याचा एक तुकडा तोडून त्याच्यापुढे केला. अंगावरचा कपडा शिवताना दातांत दोरा धरायचा, ही घरोघरची रीत. त्याने मुकाट्याने धरला.

शेवटचं बटण लागलं. तो दोरा काढू लागला, तसा बाईंनी त्याचा हात धरला.

"राहू दे… मंडळी जाईपर्यंत."