शांतवनचं नवं गीत

"मग मी पेटी वाजवायची कोणासाठी, पाळकसाहेब? भिंतींसाठी?"

आढाव पाळक उपासनेसाठी झगा चढवत होते. चर्चमध्ये मंडळी जमू लागली होती. पेटीवाला शांतवन त्यांच्यापुढे तणतणत उभा होता.

नाव शांतवन, पण डोकं सदा तापलेलं. पुण्याला राहून गाणं शिकला, गावी परतला आणि चर्चच्या पेटीवर बसला. जुनी गीतं त्याला मिळमिळीत वाटायची. म्हणून त्यानं स्वतःच एक नवं गीत रचलं, चाल लावली. चाल गोड होती, त्यात वाद नाही. पण महिना उलटला तरी दर रविवारी हा एकटाच गायचा आणि मंडळी मूग गिळून बसायची.

"यांना नवं काही नकोच आहे," शांतवन म्हणाला. "आज गायले तर ठीक. नाहीतर उद्या मी पुण्याला जातो. पेटीला दुसरं कोणी बघा."

खरं तर त्याला जायचं नव्हतं. पण रागाच्या भरात बोलून बसला होता, आणि आता शब्द मागे घ्यायची लाज वाटत होती.

पाळकांनी झग्याचं बटण लावलं.

"गाताना श्वास कुठे घेतोस रे तू?"

"कळूच देत नाही, साहेब." शांतवनला जरा बरं वाटलं. "दोन ओळींच्या मध्ये फट म्हणून सोडत नाही. तिथे तान, नाहीतर पेटी."

"आणि मंडळीनं कुठे घ्यायचा?"

शांतवननं खांदे उडवले आणि सतरंजीवरच्या पेटीपाशी जाऊन बसला.

उपासना सुरू झाली. नव्या गीताची वेळ आली. शांतवननं डोळे मिटले आणि आज जीव ओतून गायला लागला. पहिलं कडवं झालं. समोर चिडीचूप.

दुसऱ्या कडव्याला पाळक खुर्चीवरून उठले, सतरंजीवर त्याच्या शेजारी येऊन बसले, आणि त्यांनी पेटीच्या भात्यावर हात ठेवला.

"प्रभू, माझ्या उंबऱ्यात..."

सूर तिथेच बसला. शांतवनही ओळ अर्धवट टाकून थांबला. सगळ्यांसमोर आपल्याला गप्प केलं, आता संपलं, असं वाटून त्याचे कान तापले. मान वर करायची हिंमत होईना.

बायकांच्या बाजूला कोणीतरी खाकरलं. बांगड्या विकणाऱ्या रूथमावशी. त्यांनी अडलेली ओळ हळूच उचलली.

"...उंबऱ्यात ये."

शेजारची बाई त्यांच्या सुरात मिसळली. मग मागची. मग पुरुषांकडून एक खर्जातला आवाज आला. महिनाभर गप्प बसलेल्यांना गीत तोंडपाठ होतं. बघता बघता सगळं चर्च गात होतं.

शांतवनचे डोळे भरून आले. त्याला इतका आनंद पुण्यातल्या टाळ्यांनीही झाला नव्हता.

पण गवयाचे कान कसले स्वस्थ बसतात! मावशींनी त्याच्या ताना सरळ करून टाकल्या होत्या. ओळीच्या शेवटी त्या जात्यावर बसल्यासारख्या रेंगाळत होत्या, आणि मंडळी त्यांच्यामागून रेंगाळत होती.

तो पाळकांच्या कानाशी वाकला.

"साहेब... ही माझी चाल नाही."

पाळकांनी भात्यावरचा हात काढून घेतला.

"मग शिकून घे."