सीमोल्लंघनाचं तिकीट

एका डोंगरी संस्थानात एक राजा होता. राज्य तळहाताएवढं, हौस आभाळाएवढी. त्याने एक विमान विकत आणलं. बाकीचे राजे दसऱ्याला घोड्यावरून सीमोल्लंघन करतात; आपलं टपाल त्या दिवशी विमानाने घाट ओलांडून पलीकडे जाईल, असं त्याने ठरवलं. तिथे आजवर कोणी असं केलं नव्हतं.

इथवर ठीक होतं. पण राजाने पोस्टाचं तिकीटही आधीच छापून घेतलं. तिकिटावर डोंगर, डोंगरावर विमान आणि खाली अक्षरं: 'विजयादशमीस विमानाने घाट ओलांडला.' पोर जन्मायच्या आत बारसं उरकलं म्हणा ना.

विमान चालवणारा होता रायाजी. हाताचा पक्का, बोलायला गरीब. दसऱ्याची सकाळ उजाडली, तर घाटावर ढग बसलेले. परतीचा पाऊस अजून गेला नव्हता. रायाजी दरबारात जाऊन म्हणाला, "महाराज, घाट दिसत नाही. ढग उठू देत, मग लगेच जातो."

दिवाण म्हणाला, "ढग परवा उठतील. दसरा परवा येतो काय रे?"

"तिकिटं सगळ्या कचेऱ्यांत पोचली," राजा म्हणाला. "आता लोकांना काय तोंड दाखवू?"

"तिकीट पुन्हा छापता येतं, महाराज," रायाजी म्हणाला आणि घरी आला.

मागोमाग दिवाणाने त्याच्या घरी ताट धाडलं. वर रेशमी रुमाल, खाली हिरव्या बांगड्या. राजाने ताट जाताना पाहिलं. अडवलं नाही.

पुरुषाला खिजवायचं तर बांगड्या पाठवायच्या, ही आपल्याकडची जुनी खोड. ज्या हातांवर घरं चालतात त्या हातांचा दागिना, आणि म्हणे भित्रेपणाची खूण! लाज वाटायला हवी ती पाठवणाऱ्याला. पण वाटली रायाजीला.

त्याची बायको अनसा म्हणाली, "बरं झालं, मला नव्या हव्याच होत्या. चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी दुसरं कोणी सापडेल त्यांना. बसा जेवायला."

"अगं, सगळी आळी बघतेय."

"बघू दे! उद्या आळी मला माझं कुंकू परत आणून देणार आहे का?"

रायाजी वाढलेल्या पानावरून उठला. टपालाची थैली घेऊन विमानात बसला. विमान ढगात शिरलं. थोडा वेळ आवाज येत होता. मग येईनासा झाला.

दुसऱ्या दिवशी धनगरांना कड्याखाली मोडकं विमान सापडलं. रायाजी त्यातच होता.

दिवाणाने खाली मान घालून विचारलं, "महाराज, तिकिटांचं काय करायचं?"

खरं बोलायची वेळ अजून गेली नव्हती. पण राजा म्हणाला, "विकली जाऊ देत. बाहेरच्यांना काय कळतंय."

दिवस-कार्य झाल्यावर राजवाड्यातून अनसाला सांत्वनाचं पत्र आलं. टपालवाला ओळखीतला होता, पण दारात उभा राहिला तो मान वर करेना. अनसाला वाचता येत नव्हतं. पाकिटावरच्या तिकिटावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे काय लिहिलंय, भाऊ?"

"राहू दे, वहिनी."

"वाचा."

त्याने वाचलं.

अनसाने पत्र उघडलंच नाही. त्याच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "राजाला सांगा, घाट ओलांडला म्हणतोस ना, मग ओलांडलेला माणूस घरी पाठव. पत्र नको."

तात्पर्य: आपला बडेजाव खरा करायला दुसऱ्याचा जीव मागू नये, आणि कोणी भित्रा म्हटलं म्हणून आपला जीव देऊही नये.