ठकूआईची हिरवी पानं

फार वर्षं झाली या गोष्टीला. आज ज्या म्हाताऱ्या काठी टेकत चालतात, त्या तेव्हा परकरात होत्या. तेव्हा कोळदरा गावात ठकूबाई नावाची बाई राहायची. मोडलेली हाडं बसवायची. ती डोळे मिटून चाचपायची आणि हाड आपणहून जागेवर यायचं, असं म्हणतात. बैलाचं असो की माणसाचं, तिनं कधी कुणाला परत पाठवलं नाही. गाव तिला ठकूआई म्हणायचं. पण या आईचं घर गावाबाहेर होतं, पाणवठा वेगळा होता, आणि तिच्या लोकांचं मसणही वेगळं, ओढ्यापलीकडं होतं.

एका भादव्यात ओढ्याला पूर आला आणि त्याच दिवशी तिचा नवरा येदू गेला. पलीकडं जायला वाट उरली नाही. म्हणून भाऊबंदांनी तिरडी गावच्या मसणाशी आणली. त्या मसणाला सागवानी फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. रंगराव पाटील किल्ली कमरेला लावून आला.

"पूर उतरेल की दोन दिवसांत. थांबा तवर."

"मेलेलं माणूस थांबतं का, पाटील?"

"रीत आहे ठकू. मी नाही पाडली."

एवढं बोलून तो वळला आणि चिखलात घसरला. नडगी मोडली. सगळे ठकूआईकडं बघायला लागले. ती नवऱ्याच्या पायापासून उठली. पाटलाची नडगी चाचपून बसवली, वर बांबूच्या कामट्या बांधल्या. मग म्हणाली, "तुझी हाडं माझ्या हातात चालतात. माझ्या माणसाची तेवढी तुझ्या मसणात चालत नाहीत, होय?"

पाटलानं मान खाली घातली. पण किल्ली काढली नाही. येदू दोन दिवस फाटकाशी पावसात पडून राहिला. ज्यांचे हातपाय तिनं जोडले होते, तीच माणसं त्याच पायांनी बाजूनं निघून गेली. बाकीची गोष्ट विसरलात तरी चालेल. एवढं विसरू नका.

पूर उतरला. पलीकडं येदूला अग्नी दिला आणि ठकूआई तशीच नऊ कोस चालत जिल्ह्याच्या गावी गेली. तिथं डॉक्टर घडवणारं मोठं इस्पितळ होतं. "मेल्यावर माझा देह तुम्ही घ्या," ती म्हणाली.

"आजी, नीट विचार केलात का?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"दोन दिवस बसून केला, बाबा. त्या गावचं लाकूड मला नको. तुमच्या पोरांना माझी हाडं दाखव. त्यांना हात तरी लावतील ती."

तिनं कागदावर अंगठा उमटवला. त्यानंतरही ती मरेपर्यंत गावाची हाडं बसवत राहिली. राग मनात होता. हातात तिनं तो कधी उतरू दिला नाही.

ती गेली त्या दिवशी गाडी आली आणि तिला घेऊन गेली. त्याच घटकेला रंगरावाची नडगी ठणकायला लागली, असं म्हणतात. पाटील घाबरला. देह हाती नसला की पळसाच्या तीनशे साठ पानांचा माणूस करून जाळतात, तसा त्यानं करवला. आपल्या हातानं कुलूप काढून गावच्या मसणात चिता रचली. तूप ओतलं, रॉकेल ओतलं. लाकडांची राख झाली, पण वरची पानं हिरवीच राहिली. मग पाटलानं फाटक बिजागरीसकट उपटलं. तरी पानं पेटली नाहीत. देह दाराशी होता तेव्हा जागा दिली नाही, आणि आता पानांना देताय. ती का म्हणून घेईल?

त्या मसणाला आता फाटक नाही. त्याच्या फळ्यांची डोली केली आहे. कुणाचं हाड मोडलं की त्या डोलीतून गाडीपर्यंत नेतात. ठकूआईच्या तिथीला दरसाल कुणी ना कुणी देहदानाचा कागद भरतं. चार बुकं शिकलेलेसुद्धा त्यावर सही करत नाहीत, अंगठाच उमटवतात.

त्याच दिवशी पळसाच्या पानांचा माणूस करून चितेवर ठेवतात आणि काडी लावतात. पानं अजून एकदाही पेटलेली नाहीत. "आईचा राग गेला नाही," असं म्हणत माणसं हात जोडतात आणि घराकडं वळतात.

वाटेत पाय धुतात. ओढ्याला पाणवठे अजून दोनच आहेत. ज्याचा जो, तो त्यावर.