मस्कतेत आहे, हे इथं येऊन सांगा!

"धाकू सुतारानं नारळी पौर्णिमेला दरबारात जातीनं हजर राहून शपथेवर सांगावं, की मी सध्या मस्कतेत आहे!"

दवंडी ऐकून द्वारकीनं कपाळावर हात मारला. तिचा नवरा धाकू तीन वर्षं मस्कतेत गलबतं बांधत होता. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, एक होडकंही हलत नाही. पण वेंगाण्याचे रुद्राजीराजे थोर! परमुलखात राबणाऱ्या प्रजेच्या कमाईचा सहावा हिस्सा मागायचं त्यांना सुचलं होतं, आणि दिवाण अंताजीपंतांनी त्यावर नियमांचा डोंगर रचला होता. दर नारळी पौर्णिमेला हजर न राहील तो परका. परक्यानं बंदरात पाय ठेवायचा नाही. म्हणजे धाकू परत आला, तरी गलबतावरूनच बायकोला हात हलवून माघारी!

पौर्णिमेला द्वारकी एकटीच दरबारात उभी राहिली.

"नवरा कुठाय?" पंत गुरगुरले.

"मस्कतेत."

"ते त्यानं इथं येऊन सांगायचंय!"

"इथं आले तर ते खोटं होईल, पंत. खोट्या शपथेला शिक्षा काय?"

"सहा महिने कैद!" पंत अभिमानानं म्हणाले. तोही नियम त्यांचाच होता.

राजे वैतागले. "फाटे फोडू नकोस, बाई. त्याची नाळ या मातीत पुरलीय. नाळ जिथं, कर तिथं! मग तो कुठंही राबेना का!"

"हा न्याय सगळ्यांना, महाराज?"

"सगळ्यांना! आमच्या घरच्यांनासुद्धा!" राजांनी मिशीला पीळ दिला. न्यायाची अशी उबळ त्यांना वर्षातून एकदा यायचीच.

"मग राणीसाहेबांची नाळ कुठं पुरलीय?"

"जामगडला. त्यांच्या वडिलांच्या रा..." राजे थबकले.

"म्हणजे राणीसाहेब इथं परमुलखात! चोळीबांगडीसाठी आपण त्यांना पाच गावं दिलीत. त्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा आपल्या सासऱ्यांच्या खजिन्यात जायला हवा. त्यांच्या कानावर हा नियम अजून गेला नाही वाटतं?"

वीस वर्षं त्या पाच गावांवर डोळा ठेवून बसलेला सासरा राजांच्या नजरेसमोर उभा राहिला.

"पण राणीसाहेब कुठं राबतात?" पंत मध्येच बोलले.

पडद्याआड बांगड्या जोरात वाजल्या. पंतांनी जीभ चावली.

"शिवाय," द्वारकी म्हणाली, "राणीसाहेबांनी दरवर्षी माहेरी जाऊन शपथेवर सांगायचं, की मी सध्या सासरी आहे! नाही गेल्या, तर माहेर कायमचं बंद!"

"काय? माझं माहेर बंद?" पडद्याआडून किंचाळी आली.

राजे आधी दचकले, मग पोट धरून हसत सुटले. "पंत, फाडा तो नियम! आणि तुला काय हवं, बाई?"

"एक हुकूम, महाराज. माझे घरधनी गलबतातून उतरले, की बंदरावर त्यांना एकच प्रश्न विचारायचा. जेवलास का?"

"कबूल! विचारायला कोण हवं?"

"पंत. जातीनं हजर राहून!"

पंतांचा चेहरा पाहून राजे पुन्हा हसले, आणि हातातलं सोन्याचं कडं उतरवून त्यांनी द्वारकीला दिलं.